रिताचं गाव कोणतं

"ताई, मले नका जाऊ देऊ. तिकडं गेली का मी कोणाचीच राहात नाही," रिता मला म्हणाली होती. मी हसले. म्हटलं, "पागल, माहेरी जायले कोणी नाही म्हणते का?"

ती आमच्या शेजारची सून. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक वीट निघालेली आहे. त्या भोकातून आमचं मीठ, विरजण आणि बातम्या इकडून तिकडे जायच्या. माझा मुलगा रात्रभर रडला की सकाळी तिचा एक डोळा तिथं दिसायचा. "झोपला का वो राजा?" तिला सातवा महिना लागला होता. रक्त कमी होतं, पाय सुजलेले. मी रोज तिचे पाय बघायची. माझ्या बाळंतपणापासून मला बघत राहायची सवयच लागली आहे, झोपलेल्या मुलाच्या नाकाशी बोट धरून बसते.

रिताला आई नव्हती. माहेर म्हणजे नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या टोलीत, चार घरांच्या वस्तीत, भाऊ आणि भावजय. म्हणून तिची सासू रंभाबाई आधीच सांगून बसली होती, "माह्या घरीच बाळंत होईल. दवाखाना इथून जवळ पडते."

त्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामपंचायतीनं आरोग्याच्या पुरस्कारासाठी अर्ज करायचं ठरवलं. सरपंच मंगलाबाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "रक्षा, तू कॉलेज शिकली. लिहून दे वो पोरी. बक्षीस भेटलं का उपकेंद्रात बाळंतपणाची खोली बांधू. लाइट, पाणी, सगळं." त्यांची बहीण बाळंतपणात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच, दवाखान्याच्या वाटेवर दगावली होती. मी आनंदानं लिहायला बसले.

अट एकच जड होती. वर्षभरात गावात एकही बाळ, एकही बाळंतीण दगावलेली नको. दगावलं तर ते जिथं घडेल त्या गावाच्या नावावर मोजणार.

बैठकीत रिताचं नाव कोणी घेतलं नाही. हिरालालभाऊ सदस्य एवढंच म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरी, ही तं रीतच हाये." सगळ्यांनी माना हलवल्या. वाईट काही बोललं गेलंच नव्हतं, मग विरोध कशाला करायचा? रंभाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिचीही मान हलली.

पाठवणी मात्र अशी केली की गावानं कधी पाहिली नव्हती. पंचायतीच्या ओट्यावर डोहाळेजेवण, हिरवं लुगडं, मोगऱ्याच्या वेण्या. बेबीबाई ओरडली, "सरपंचीनबाई, आमच्या डोहाळ्याले तं कोणी चहा बी नाही पाजला!" फोटो काढताना रिता लाजून पदर ओढत होती. हिरालालभाऊ म्हणाले, "पोट काहून झाकतं वो? पोटाचाच तं फोटू हाये!" ओटा हसला. रिताही हसली. नेमका तोच क्षण फोटोत आला, आणि तो फोटो अर्जाच्या पहिल्या पानावर गेला.

जीपच्या खिडकीतून ती म्हणाली, "ताई, फोन करजा."

मी केले. टोलीत रेंज नसायची. कधी लागायचा, बहुतेक वेळा नाही.

कळा वेळेआधी आल्या. गाडी जंगलाच्या रस्त्यानं पोचेपर्यंत उशीर झाला. मुलगा होता. रडलाच नाही.

ही बातमी आली तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे मुलाला पाजत होते. पलीकडे रंभाबाईनं हंबरडा फोडला आणि मग मंगलाबाईंचा आवाज आला, त्याही रडत होत्या. "रडा बाई, पन हळू रडा. समिती यायची हाये. येऊन गेली का मी सोता गाडी घेऊन जातो, आणतो तिले. तवर राहू द्या तिकडंच." हंबरडा अर्ध्यातच थांबला. पदर तोंडात कोंबला असावा. मुलगा दूध सोडून भिंतीकडे बघायला लागला.

समिती आली. रांगोळ्या, गुलाबाची फुलं, धुतलेल्या नाल्या. समितीतल्या मॅडम चांगल्या होत्या, माझ्या मुलाला त्यांनी मांडीवर घेतलं. मग फाइल उघडून फोटोवर बोट ठेवलं. "ही कुठं आहे? बाळ झालं का हिला?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी रंभाबाईच बोलली.

"माहेरी हाये जी. दोघंबी सुखरूप हायेत."

मॅडमनी खुश होऊन ताटातला पेढा तिच्यापुढं धरला, तिनं तो घेतला आणि खाल्ला. तो पेढा तिच्या घशाखाली उतरताना मी पाहिला आहे. मग मी तोंड मिटलं आणि मॅडमच्या मांडीवरून माझ्या मुलाला उचललं.

मंगलाबाईंनी शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. मीही मुलाला कडेवर घेऊन गेले. रस्ताभर विचार करत होते, त्याला पाहून तिला कसं वाटेल, ती घेते म्हणाली तर देईन का. देईन, असं ठरवलं. टोलीत पोचलो तर भावजय दारात धान पाखडत होती. आम्हाला पाहून तिचं सूप थांबलं.

"तुमी? काहून आल्या?"

"रिताले न्यायले."

"रिता तं कवाची गेली. सासरी जातो म्हणे, पिशवी घेतली, निघाली. आमाले वाटलं तुमच्याकडंच हाये."

मंगलाबाई तशाच आत शिरल्या. आत खुंटीवर हिरवं लुगडं घडी करून टांगलेलं होतं. इकडचे समजत होते ती तिकडं आहे, तिकडचे समजत होते ती इकडं. मधल्या वाटेवर तिला कोणी शोधतच नव्हतं.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा शिपायानं विचारलं, "गाव कोणतं लिहू?" रिताच्या भावानं मंगलाबाईंकडे पाहिलं, मंगलाबाईंनी त्याच्याकडे. तिचा नवरा भूपेंद्र हैदराबादचं काम सोडून आला. त्याला कोणी सांगितलं, मोहाडीच्या बाजारात दिसली. कोणी म्हणालं, एकोडीकडे शेतात राबणाऱ्या बायांच्या टोळीत. तो जातो आणि एकटाच परत येतो.

पुरस्कार आम्हाला मिळाला. खोलीचा पाया खोदला आहे. मंगलाबाई संध्याकाळी तिथं एकट्या उभ्या दिसतात. पंचायतीच्या भिंतीवर फोटो लावला आहे, त्यात रिता हसते आहे. रंभाबाई त्या रस्त्यानं जात नाही, मागच्या बांधावरून फिरून जाते. भिंतीतल्या भोकात वीट बसवू का, असं प्रफुल्लनं, माझ्या नवऱ्यानं विचारलं. मी नको म्हटलं.

आता धानाची रोवणी सुरू आहे. बायांच्या टोळ्या गावोगाव जातात. तुमच्या शेतात, धानाच्या बांधीत एखादी बाई ओळीच्या टोकाला, कोणाशी न बोलता चिखलात वाकलेली असेल, आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर कोणाचं लेकरू रडलं की हातातली रोपांची पेंढी तशीच धरून थांबत असेल, तर जरा तिच्याजवळ जा. सावळी आहे, बारीक आहे, लाजली की पदर ओढते. नाव रिता. पायाची सूज उतरली का ते बघा. जेवली का, विचारा. कोणत्या गावची, ते मात्र विचारू नका.