अर्धी हजामत

माझ्या खुर्चीतून उठलेला माणूस आरशात पुन्हा एकदा वळून बघितल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो, काय करायचंय? बाप हेच काम करायचा, मीही जन्मभर हेच केलं. आणि माझ्या सख्ख्या नातवाच्या डोक्यावर मात्र जंगल! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गिऱ्हाईकं तोंडावर बोलायची नाहीत, पण त्यांचं हसू मला आरशातून दिसायचं.

नातू सहा वर्षांचा. आम्ही त्याला भोवरा म्हणतो, कारण डब्याचं झाकण हातात आलं की ते फिरवत बसतो, आणि काय फिरवतो! आपल्याला सात जन्मांत जमायचं नाही. बोलत फारसा नाही. ऑटिझम आहे, डॉक्टरांनी सांगितलं. आवाज आणि स्पर्श त्याला आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतात. मशीनची घरघर तुम्हाआम्हाला नुसती घरघर, त्याच्या कानात पिठाची गिरणी सुरू होते.

तो याहून लहान असताना मी त्याचे केस कापले ते सगळ्या पोरांचे कापतो तसेच. आईने मांडीत दाबायचं, बापाने डोकं धरायचं, मी उरकायचं. पोरं भोकाड पसरतात, हातात गोळी ठेवली की गप्प होतात. हा काही गप्प झाला नाही. त्यानंतर त्याने माझ्या दुकानाची पायरी चढली नाही की मला डोक्याला हात लावू दिला नाही. जेवताना मी शेजारी बसलो तर हा ताट उचलून पलीकडे. आपल्याच नातवाने आपल्याला असं टाळावं, याचं फार वाईट वाटतं हो. त्यात लपवायचं काय?

तशात केस डोळ्यांत जाऊन जाऊन त्याचे डोळे सुजले. डॉक्टर म्हणाले, कापा. माझा मुलगा तडकाफडकी म्हणाला, "बाबा, मी धरतो, तुम्ही मशीन फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे."

"धरायचं नाही," सूनबाई म्हणाली. एरवी ती आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

शेवटी असं ठरलं की, ताईंना महिनाभर बघू द्यायचं. तोवर भोवऱ्याची बट सूनबाईने टोपीखाली सरकवायची. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत काही झालं नाही, तर मुलगा म्हणेल तसं.

ताई म्हणजे भोवऱ्याला खेळातून शिकवणाऱ्या बाई. त्यांची खोली शाळा म्हणावी तर फळा नाही, दवाखाना म्हणावा तर सुई नाही. जमिनीवर जाजम, छताला एक झोका, टोपलीत सटरफटर वस्तू, आणि दार कायम अर्धं उघडं. पोराला वाटलं तर ते बाहेर जाऊ शकतं. पहिल्या दिवशी ताई नुसत्या जाजमावर बसून झाकण फिरवत होत्या, तेही वाईट. झाकण सारखं आडवं पडायचं. भोवऱ्याने थोडा वेळ ते हाल बघितले, मग त्यांच्या हातातून झाकण काढून घेतलं आणि फिरवून दाखवलं. ताई खूश! दारात बसून मी मनात म्हटलं, याला शिकवणं म्हणतात? मग माझ्या दुकानातल्या बाकावर दिवसभर पेपर वाचणारे सगळे प्राध्यापकच झाले.

त्यांनी माझी हत्यारं मागवली. गळ्याभोवती बांधायचं कापड, कंगवा, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, आणि अगदी शेवटी कात्री. मशीन नको म्हणाल्या. कापडाचा आधी तंबू झाला. दोघं त्यात शिरून बसायचे. फवाऱ्याची बाटली भोवऱ्याच्या हातात दिली. त्याने ताईंच्या तोंडावर पाणी मारलं की ताई "अगं आई गं!" करून आडव्या पडायच्या, आणि आमचा भोवरा खदाखदा हसायचा. दारात बसून मीही हसलो. मग त्याने बाटली माझ्यावर रोखली. मी आडवा पडलो. या वयात आडवं पडणं सोपं असतं, उठणं अवघड. पण तो हसला, माझ्याकडे बघून हसला!

ताईंकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं, त्यावर उघडा पंजा काढलेला. भोवऱ्याने ते पुढे केलं की सगळं तिथल्या तिथे बंद. झोका बंद, कंगवा बंद, का म्हणून विचारायचं नाही.

"म्हणजे हे साहेब आणि आपण चपराशी," मी म्हणालो.

"आजोबा, आजवर त्याचं 'नको' कुणी ऐकलंय?" ताईंनी विचारलं. "रडूनसुद्धा ऐकलं नाही आपण. आपण थांबतो, एवढं त्याला कळलं की बाकीचं होईल. केस कापणं त्यानंतरचं."

मला पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात जाऊन बसलो.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी ताईंनी मला खूण केली. भोवरा झाकण फिरवत होता. खांद्यावर कापड, तेही त्याने स्वतः ओढून घेतलेलं. मी त्याच्या मागे गुडघे टेकून बसलो. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकामागे गुडघे टेकायची ही पहिलीच वेळ. एक बट कापली, थांबलो. त्याने डोकं जरा मागे सरकवलं. ताई हळूच म्हणाल्या, "चालेल म्हणतोय." आणखी एक बट. असं करत करत उजवी बाजू झाली. कान मोकळा झाला. किती सुरेख कान आहे पोराचा, मला माहीतच नव्हतं.

आणि त्याने कार्ड पुढे केलं.

मुलगा तेव्हाच कामावरून आला होता आणि दारात उभा होता. "बाबा, उरका! बसलाय तो, आता कशाला थांबताय?"

"कार्ड आलं, आजोबा," ताई म्हणाल्या.

बापाने मला हातात कात्री दिली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती की, अर्ध्या डोक्याने गिऱ्हाईक उठवायचं नाही. भांडण होवो, आग लागो, डोकं पुरं करायचं. आमच्या धंद्यात अर्धी हजामत म्हणजे नाक कापलं गेलं. इथे तर डाव्या भुवईवर एक जाड बट लोंबत होती, तीच ती, डोळ्यांत जाणारी. एक कच्च, आणि संपलं असतं. माझे हात असे शिवशिवत होते म्हणून सांगू! मी कात्री जाजमावर ठेवली, लांब सरकवली आणि दोन्ही पंजे वर केले.

"थांबलो रे बाबा," मी म्हणालो.

भोवरा वळला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कापड काढून टाकलं आणि पुन्हा झाकण फिरवायला लागला.

घरी चालत निघालो. टोपी तो घालेना. मुलगा रागाने पुढे पुढे चाललेला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने गाठलंच. "काय काका, मध्येच लाईट गेली होती की काय?"

"नवी फॅशन आहे," मी म्हणालो. "तू ये, तुझ्या टकलावर फुकट करून देतो."

बोललो खरा, पण कान लाल झाले होते. घरी मुलगा एवढंच म्हणाला, "आता रविवारी माझ्या पद्धतीने." सूनबाई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरातच वाजली.

शनिवारी मुलगा नेहमीप्रमाणे दाढीला माझ्या दुकानात आला. मी त्याच्या गालांना फेस लावला, एक गाल उरकला. तो डोळे मिटून उद्याचंच बोलत होता. पाय सूनबाईने धरायचे, डोकं त्याने. मी वस्तरा पुसत राहिलो. बापाचा बाप झालो तरी मुलापुढे कधी कधी जीभ जड होते.

तेवढ्यात आरशात हालचाल दिसली. सूनबाई बाजाराची पिशवी घेऊन फुटपाथवर उभी होती, आणि भोवरा तिचा हात सोडून पायरी चढत होता. कुणी बोलावलं नव्हतं. तो आत आला, माझ्याजवळ उभा राहिला, माझं मनगट धरलं आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. डाव्या बाजूला, न कापलेल्या केसांवर.

मला वाटलं, झालं! कापून मागतोय! वस्तरा ठेवून मी दुसऱ्या हाताने कात्री उचलली. त्याने कात्रीचा हात ढकलून दिला, आणि डोक्यावरचा हात दोन्ही हातांनी आणखी घट्ट दाबून धरला.

कापायचं नव्हतंच त्याला. नुसता हात हवा होता.

मी कात्री ठेवून दिली. डोकं गरम होतं, केस घामेजलेले. हजारो डोक्यांवरून हा हात फिरला असेल, पण माझे डोळे असे कधी भरून आले नव्हते. समोर आरशात माझा मुलगा डोळे उघडून बघत होता, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस वाळत चाललेला. फुटपाथवर सूनबाई तोंडाला पदर लावून उभी.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "उद्या धरायचं नाही."

मी मान हलवली. हात काढला नाही.