फितूर चंद्री

गावापलीकडे झऱ्याच्या पाण्याची एक नितळ नदी होती. महादू तिथे पाहुण्यांना होडीतून फिरवायचा, पण पाहुणे यायचे ते चंद्रीसाठी. सात वर्षं त्याची भाकरी खाऊन माजलेली ही मासळी त्याच्या हाकेला वर यायची.

आज त्याच्या बायकोने, आक्काने, "पीठ न्हाय" म्हणत चंद्रीसाठी भाकरीऐवजी खारी दिली. चंद्रीने खारी हुंगली आणि शेपटी फिरवून ती पुतण्या भाविकच्या नव्या होडीकडे गेली.

"काका, तुमची मासळी फितूर!" पाहुणे खिदळले.

भाविक स्टीलच्या डब्यातून ताज्या भाकरीचे तुकडे टाकत होता. डब्यावर नाव कोरलेलं होतं: सौ. आक्का महादू.

महादूने चंद्रीला तिथल्या तिथे माफ केलं. ती बिचारी निदान भुकेपोटी गेली होती.