कोऱ्या कागदावरची आज्ञा

सभागृह खच्चून भरलं होतं. लेखबाबांनी एक जाड, पांढरा कागद सगळ्यांना दाखवला. कोराच. मग तो चौकटीत उभा केला आणि डोळे मिटले.

"हजार वर्षांपूर्वीचे ऋषी आज बोलणार! ज्याला शंका असेल त्यानं बाहेर जावं, ऋषींचा वेळ खाऊ नये!"

शिष्यानं समोरचा झगझगीत दिवा बंद केला आणि कागदाच्या कडेला दुसरा लावला. कोऱ्या कागदावर अक्षरं उमटली. लोकांच्या अंगावर काटा आला. बाबांचं बोट डावीकडून उजवीकडे सरकू लागलं.

"ऋषी म्हणतात, सुई टोचू नका. सुईनं रक्त बाटतं."

मागे उभ्या असलेल्या ताईनं मान उंचावून कागद नीट पाहिला. मागच्या सभेत ऐकलेल्या याच आज्ञेवरून तिच्या धाकट्या बहिणीनं लेकीचं इन्सुलिन बंद केलं होतं. पोरगी कालपासून ओकत होती, आणि आत्ता पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर निपचित पडली होती.

ताई अभिलेखागारात काम करायची. शिलालेखांच्या अभ्यासकांची कागदपत्रं सांभाळायची. असले कागद तिनं शेकड्यांनी हाताळले होते. ओला कागद दगडावर पसरून ब्रशनं ठोकायचा, तो कोरलेल्या अक्षरांत बसतो. वाळला की सोलायचा. समोरून उजेड असला की बिनशाईचा ठसा लांबून कोराच दिसतो; कडेनं उजेड पडला की उठावाच्या सावल्या पडून अक्षरं दिसतात. कुणा अभ्यासकाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी तो रद्दीत घातला असणार, आणि या भामट्याच्या हाती लागला.

ती गर्दी सारत मंचावर चढली.

"बाबा, तुम्ही कागद उलटा धरलाय. ही दगडाला चिकटलेली बाजू, आरशातल्यासारखी. ओळ उजवीकडून सुरू होते, आणि तुम्ही शेवटाकडून वाचताय!"

"पापिणी, खाली उतर!" बाबा ओरडले.

"ताई, का गं तमाशा करतेस?" बहीण रडकुंडीला आली. "माझ्या लेकीला बरं वाटू नये का?"

"माझं ऐकू नकोस. हा दिवा तूच धर."

बहिणीनं पोर खाली ठेवली, मंचावर आली आणि दिवा कागदासमोर आणला. अक्षरं गेली. कडेला नेला, आली. परत समोर, गेली. ताईनं कागदाची दुसरी बाजू पुढे केली, दिवा परत कडेला धरायला सांगितला आणि वाचलं, "तळ्याचा बांध फुटला होता, तो गावानं बांधला. बस्स, एवढंच आहे. कसली सुई नि कसलं काय!"

"ऋषी रुसले," म्हणत बाबा मागच्या दारानं सटकले. तेवढ्यात मांडीवरून खाली ठेवलेली पोर जोरजोरात धापा टाकू लागली. हाकांना ओ देईना.

दवाखान्यात डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. पण उशीर झाला होता. पोर गेली.

महिनाभरानं बाबांनी दुसऱ्या गावात तेच दुकान मांडलं. दारात बहीण उभी होती. आजारी पोर कडेवर घेतलेल्या प्रत्येक बाईला ती अडवायची.

"आत जा, माझी ना नाही. पण तो दिवा स्वतःच्या हातात मागा, स्वतः हलवून बघा. देत नसतील तर पोराला उचला आणि डॉक्टरांकडे पळा. मी विचारलं नाही, बाई. मी नुसते हात जोडले."