अर्धी लादी

"चाटू नकोस रे भिकन! तो दक्षिण ध्रुव आहे."

भिकनने जीभ आत घेतली आणि नववीचा सगळा वर्ग हसला. वत्सलाबाईंनाही हसू आवरलं नाही.

टेबलावर परात होती. परातीत पाणी, मधोमध दगड, दगडावर बर्फाचा मोठा तुकडा. कडेला विटेच्या तुकड्यावर काड्यापेट्यांची दोन घरं, पाण्याला जेमतेम टेकलेली.

अठ्ठ्याऐंशी सालचा एप्रिल, सकाळची शाळा. पृथ्वी तापते आहे, ध्रुवांवरचा बर्फ वितळू लागलाय, असं बाईंनी पेपरात वाचलं होतं. पुस्तकात त्यावर एक ओळ नव्हती. "परीक्षेला येत नाही, कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजता?" असं हेडमास्तर म्हणालेही. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती मुलांना दाखवल्याशिवाय बाईंना घास गोड लागत नसे. नाशिकच्या बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी घेऊन, भुसा घालून, गोणपाटात गुंडाळून त्यांनी ती पहाटेच्या एसटीने आणली होती. कंडक्टरची बोलणीही खाल्ली. वाटेत वितळेल म्हणून जास्तच घेतली होती. उरलेली कोपऱ्यात गोणपाटात पडून होती.

पाणी चढलं. पहिलं घर भिजलं.

"सायखेड्याला गंगा चढती, तसंच का बाई?" लंकाने विचारलं. गोदावरीला सारा गाव गंगाच म्हणे.

"तसंच."

"पर गंगा उतरती. ह्ये कव्हा उतरंल?"



"मंग आपन काय करायचं?" भिकन म्हणाला.

"झाडं लावायची," असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण स्वतःच्याच उत्तराची त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात शाळेचा शिपाई पुंजा दारात येऊन उभा राहिला. त्याची बायको चिमणाबाई महिनाभर अंथरुणाला खिळून होती.

"बाई, ती गेली," तो म्हणाला. "सिंधूला सांगावा धाडलाय. सटाण्याहून यायची ती. पर ऊन लय हाय, मानसं थांबू नको म्हनत्यात." त्याची नजर गोणपाटाकडे गेली. "आईचं तोंड दिसलं नाय तर पोरीच्या जिवाला जन्माची रुखरुख लागंल."

बाईंनी गोणपाट उचलला आणि त्याच्याबरोबर चालू लागल्या.

घरात चिमणाबाईच्या दोन्ही अंगांना बर्फ फोडून लावला. गेणूतात्या गावातले जाणते. त्यांनी विचारलं, "बाई, किती टिकंल?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. बर्फातलं कळतं ते बाईंनाच, असं गावाने धरूनच टाकलं होतं. पहाटेपासून लादी किती कमी झाली, ते बाईंनी मनाशी ताडलं.

"चारपर्यंत टिकेल."

"झालं तर. चारला उचलू. बाईंनी सांगितलंय."

पण बाईंनी हिशोब केला होता पहाटेच्या गारव्यातल्या, भुशात दडवलेल्या अखंड लादीचा. इथे बर्फ फुटलेला होता, वर तापलेला पत्रा होता. दर्शनाला येणारा प्रत्येक जण दार उघडून झळ आत घेत होता. बाईंनी दाराला ओली चादर लावली, दार सारखं उघडू नका म्हणून बायकांना हात जोडले, उरलेला भुसा मुठीमुठीने पसरला. बर्फ त्यांच्या डोळ्यांदेखत कमी होत गेला. बर्फासाठी एका पोराला सायकलवर सायखेड्याला पिटाळलं, तर गारेगारवाल्याची पेटी रिकामी.

दुपार कलण्याआधीच घरात नुसतं पाणी उरलं.

"अजून थोडं थांबा हो तात्या," बाई रडकुंडीला आल्या.

"तुमचंच तर ऐकलं, बाई. पर आता बघवत नाय."

पुंजाने मडकं धरलं आणि तो पुढे झाला.

सिंधू आली तेव्हा चार वाजायचे होते. लेकरू कडेवर, चप्पल हातात, धावत आली. घरात बाई एकट्याच खाली बसल्या होत्या.

"बाई? आई कुठंय?"

बाईंनी स्मशानाच्या वाटेकडे पाहिलं. सिंधूला कळलं. तिने लेकरू खाली ठेवलं, ओल्या जमिनीवर बसली आणि आई निजली होती तिथे तळवा टेकवला.

"गार हाय अजून," ती म्हणाली.

बाईंनीही हात टेकवला. जमीन खरंच गार होती. उन्हाने ओल मात्र कडेकडेने सुकत सिंधूच्या हाताकडे सरकत होती, आणि ती थांबवणं बाईंच्या हातात नव्हतं.