दुसरी जोडी

नहलाने लावलेलं गाणं रिफअतने मध्येच तोडलं आणि आपला फोन स्पीकरच्या दुकानदारापुढे धरला.

"परक्यांची गाणी कसली ऐकवताय, उस्ताद? आपलंच लावा. गाढवालाही नाचवतं ते."

"म्हणून तर तू नाचतोस," नहला म्हणाली, पण तिचा आवाज कोरडा पडला होता.

इंबाबा वस्तीतल्या एकाच गल्लीत वाढलेली दोघं. तो लग्नांत गायचा. ती आपल्या अरुंद खोलीत त्याची गाणी रेकॉर्ड करून घडवायची. गेल्या उन्हाळ्यातलं गाणं कैरोभर टुकटुक रिक्षांमधून वाजत होतं. तिचे जुने स्पीकर मात्र आता खरखरत होते. नुसता दणका देणारे नकोत, जसं आहे तसं ऐकवणारे हवेत, असा धोशा गेलं वर्षभर तिनेच लावला होता.

जिर्जिस उस्तादांनी पहिली जोडी चालू केली. काउंटरवरचे चहाचे पेले थरथरले. रिफअतचा आवाज दणक्यावर स्वार होऊन आला.

"हेच घेऊ," नहला पटकन म्हणाली.

उस्तादांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, खोली केवढीशी आहे, तुम्हीच म्हणालात! यांची पाठ भिंतीला लागली की हे नुसते घुमतील. ही दुसरी जोडी ऐका. दिसायला साधी, पण काही लपवत नाही."

"उशीर होतोय."

"कसला उशीर? लावा हो, उस्ताद," रिफअत म्हणाला.

दुसऱ्या जोडीवर दणका ओसरला. प्रत्येक वाद्य सुटं झालं, रिफअतचा श्वाससुद्धा. नहलाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. धृपद आलं. वरच्या सुरावर रिफअतचा आवाज पातळ झाला आणि त्याच्या खालून दुसराच एक आवाज उठला, उघडा, भरदार. सूर त्या आवाजाने पेलला.

उस्तादांची मान डोलली. "वा! ही कोण पोरगी?"

नहलाने हात पुढे करून गाणं बंद केलं. बाहेर एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. उस्तादांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेले उचलून ते आत गेले.

"तुझा घसा बसला होता त्या दिवशी," ती खाली बघत म्हणाली. "लग्नाचा हंगाम तोंडावर आलेला. म्हणून खालून माझा आवाज भरला. मला वाटलं, दणक्याखाली झाकून जाईल."

रिफअत स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसला.

"ओरड ना. शिव्या दे."

"त्या ओळीला मी माइक लोकांसमोर का धरतो, असं वाटलं तुला?"

तिने मान वर केली. "लोकांनी गावं म्हणून..."

"मला येत नाही म्हणून. माझा आवाज मला ओळखू येत नाही होय गं? पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने मानेवरून हात फिरवला. "लोक माझं नाव घेऊन ओरडत होते, नहला."

उस्ताद परत आले. "मग? कोणती बांधू?"

रिफअत उठला. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवलेली ती खुर्ची त्याने नहलाकडे वळवली.

"थांबा, उस्ताद. धृपदापासून परत लावा," तो म्हणाला. "हिने अजून नीट ऐकलेलं नाही."