डाव्या पायाला सुट्टी

आमच्या ह्यांना गाडी चालवताना शेंगदाणे हातात दिलेले चालत नाहीत, तोंडात द्यावे लागतात. उजवा हात स्टेअरिंगवर, डावा गिअरच्या दांड्यावर, आणि तिसरा हात देवानं दिलेला नाही. नवी मुंबईतल्या जुईनगरहून कोरेगावला, म्हणजे साताऱ्याकडच्या आमच्या गावाला जाताना मी अख्खा रस्ता ह्यांना एकेक शेंगदाणा भरवत गेलेली बाई आहे. म्हणायचे मी, "अहो, सरळ रस्ता आहे, घटकाभर काढा की तो हात तिथून." तर म्हणायचे, "गिअर सोडला म्हनजे गाडी सोडली." लग्नात माझा हात धरला होता, तोही भटजींनी सांगितलं म्हणून. त्यानंतर जो धरला तो गिअरच.

तुर्भ्याच्या मार्केटात आमचा कांद्याबटाट्याचा गाळा आहे. ज्योतिबाशेठ म्हटलं की कुणीही बोट दाखवेल. राग नाकावर, आवाज असा की गाळ्यावर बोलले तर गेटवर ऐकू यावं. गेल्या उन्हाळ्यात गोण्यांची थप्पी सरकली आणि ह्यांच्या डाव्या पायावर आली. घोट्याचा पार चुरा. ऑपरेशन झालं, रॉड घातला, व्यायाम झाले. देवाची कृपा, काठी घेऊन चालायला लागले. पण घोटा काही वाकेना. डॉक्टर म्हणाले, उजवा पाय ठणठणीत आहे, मात्र डाव्यानं क्लच दाबायचं विसरा.

हे कशाला डॉक्टरचं ऐकतात! एका सकाळी किल्ली घेऊन गुपचूप खाली गेले. मी बाल्कनीतून बघत होते. गाडी सुरू झाली, एक आचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा आचका, पुन्हा बंद. वर आले ते घामाघूम होऊन. किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "झालं. संपलं आमचं ड्रायव्हिंग."

त्या दिवसापासून माणूस मिटलाच हो. गाळ्यावर धाकट्या दिरांना बसवलं. हे बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि खाली लोक गाड्या कशा लावतात ते बघून शिव्या घालायचे. मला बरं वाटायचं, म्हटलं निदान शिव्या तरी देतायत. मग हळूहळू त्याही बंद झाल्या. मला माझा माणूस परत पाहिजे होता, रागासकट पाहिजे होता.

आमची लेक प्रियदर्शिनी महापेला कंपनीत आहे. तिनं एकदा जेवताना विषय काढला. "बाबा, जुनी गाडी देऊन ऑटोमॅटिक घेऊया. क्लच नसतो त्यात. तुम्हाला मस्त चालवता येईल, नो टेन्शन."

ह्यांनी ताट सरकवलं. "लंगड्याची गाडी आनायची म्हन माझ्यासाठी! गिअर नाय ती गाडी हाय का झोपाळा? अगं, खंबाटकीचा घाट उतरताना दुसरा टाकला की गाडी कशी गप ऐकती! ते ह्या रिमोटवाल्या गाडीला काय कळनार?"

मग खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका समजावायला आले. कोकणातले, बँकेतून रिटायर झालेले, आणि समजावायची भारी हौस. म्हणाले, "ज्योतिबाशेठ, पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून माझा गुडघा कामातून गेला. आता ऑटोमॅटिक घेतलीय. अहो, स्वर्ग आहे स्वर्ग!"

"मग जावा की तुमी स्वर्गात," हे म्हणाले, "आमाला घाई नाय."

काका चहा अर्धा टाकून गेले. मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्याही झाल्या. बऱ्याच दिवसांनी माणूस धड चिडला होता. त्याच भरात मी बोलून गेले, "मग माझ्यासाठी घ्या. मी चालवीन."

"तू?" हे माझ्याकडे बघतच राहिले.

त्याला कारण होतं. प्रिया बालवाडीत असताना ह्यांनी मला नावड्याच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी शिकवायला घेतली होती. इतके ओरडले, इतके ओरडले, की मी गाडी तिथंच मध्ये सोडून रिक्षा करून घरी आले होते. त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही.

ह्यांनी काकांचा अर्धा चहा बाजूला सारला. मग म्हणाले, "शिक. पन शिकायचं तर गिअरवर शिक. गिअरवर शिकलेला मानूस जगातली कुठलीबी गाडी चालवतो. मग घे तुझा झोपाळा."

असं ठरलं. शिरवण्यात नंदकुमार सरांचं मोटर ट्रेनिंग आहे, तिथं मी नाव घातलं. सगळी कॉलेजची पोरंपोरी आणि मध्ये मी, साडीवर बूट घातलेली. सरांचा एकच घोष, "ताई, क्लच!" गाडी निघाली, क्लच. गाडी थांबली, क्लच. कुत्रं आडवं आलं, क्लच. शेवटी शेवटी घरात कुकरची शिट्टी झाली तरी माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जायला लागला. प्रिया हसून लोळायची.

पण संध्याकाळी घरी आले की हे विचारायचे, "आज कुठवर गेली गाडी? तिसरा पडला का?" मी सांगायची, पडला, पण खर्र आवाज आला. मग हे खुर्चीतून पुढं सरकून, हातात वाटी धरून, तिलाच दांडा समजून मला दाखवायचे, असा नाय, असा, लोन्यासारखा गेला पायजे. त्या वाटीचेही उपकार आहेत माझ्यावर. ती धरून बोलताना ह्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड यायचा. पण वाटी खाली ठेवली की पुन्हा बाल्कनी. मी शिकत होते, पण ह्यांचं काही सुटत नव्हतं.

दसऱ्याला नवी गाडी आली. जुनी आदल्या दिवशी गेली. न्यायला माणूस आला तेव्हा मी आत बसून गिअरच्या दांड्याला हळदकुंकू लावलं. म्हटलं, बाई, सवत असलीस तरी माझ्या माणसाला इतकी वर्षं घाट चढवून उतरवून सुखरूप घरी आणलंस. तुझे उपकार कसे फेडू! हे बाल्कनीतून बघत होते. गाडी गेटबाहेर गेली तेव्हा आत निघून गेले.

दसऱ्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जत्राच असते. ज्याची त्याची गाडी धुतलेली, झेंडूचे हार, आपट्याची पानं. हेसुद्धा काठी टेकत खाली आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. मी नव्या गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, प्रियानं चारही चाकांपुढं लिंबं ठेवली. आता गाडी पुढं घेऊन लिंबं चिरडायची, की पूजा पुरी.

"बाबा, तुम्ही बसा ना," प्रिया म्हणाली.

"जिची गाडी तिनंच फोडावं लिंबू," हे म्हणाले आणि तोंड फिरवलं.

बसले मी. आजूबाजूला सगळी सोसायटी, श्यामसुंदरकाका तर व्हिडिओ काढायला अगदी पुढ्यात. प्रियानं खिडकीतून कसलं बटण, पुढं जायला कसला डी, सगळं सांगितलं. मी उजव्या पायानं ब्रेक दाबला, डी टाकला, ब्रेक सोडला. आणि काय सांगू, ती बया मी काही न करता आपली आपण चालायला लागली! माझं धाबं दणाणलं. कानात नंदकुमार सर ओरडले, "ताई, क्लच!" आणि मी डावा पाय हाणला ना खाली, सगळा जीव एकवटून.

तिथं क्लच कुठला? होता तो ब्रेक. गाडीनं असं काही नाक आपटलं की डॅशबोर्डवरचा गणपती माझ्या मांडीत आला. काका उडी मारून मागं पळाले. लिंबं जागच्या जागी. सगळे फिदीफिदी हसायला लागले. मी पुन्हा ब्रेक सोडला, गाडी पुन्हा सरकली, आणि माझ्या मेल्या डाव्या पायानं पुन्हा तेच केलं.

तेवढ्यात खांबाकडून आवाज आला. तोच, गाळ्यावरून गेटवर जाणारा. "अगं ए बाई! डावा पाय वर घे! त्याला हितं कायबी काम नाय! एकट्या उजव्यानं चालती ती!"

मी आरशातून बघत होते. ह्यांनी मान खाली घालून स्वतःच्या डाव्या पायाकडं बघितलं. त्या आखडलेल्या घोट्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले. प्रिया मध्ये बोलली नाही, शहाणी माझी पोर.

मग काठी टेकत आले. माझ्या बाजूचं दार उघडलं.

"उतर."

"अहो, पण माझी गाडी..."

"उतर म्हनतो ना. लिंबं वाळायला लागली."

मी गाडी बंद करून उतरले. ह्यांनी काठी काकांच्या हातात दिली. काकांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि त्या माणसाला पहिल्यांदा काही समजावावंसं वाटलं नाही. हे सीटवर बसले, डावा पाय हातानं उचलून आत घेतला आणि एका कडेला नीट ठेवून दिला. मी धावत पलीकडून जाऊन शेजारी बसले. ह्यांनी गाडी सुरू केली, डी टाकला, ब्रेक सोडला. गाडी लोण्यासारखी निघाली. फच्, फच् करत लिंबं चिरडली.

मी रडले हो. सगळ्यांसमोर रडले, डोळेही पुसले नाहीत.

मागाहून बायका म्हणाल्या, राजेश्वरी, मुद्दाम केलंस तू. आईशप्पथ, नाही केलं. मला कुठलं एवढं डोकं! डॉक्टरांनी, लेकीनं, काकांनी सांगून जे ह्यांच्या गळी उतरलं नाही, ते मला शिव्या घालताना ह्यांच्याच तोंडून बाहेर पडलं. आणि तो पाय असा दाबायला लावला तो गिअरच्या गाडीनं. आता मला कुणी विचारतं, गिअरची घ्यावी की बिनगिअरची? मी म्हणते, बाई, शीक गिअरवर, आणि घरात कुणाचा पाय दुखावला असेल तर दुसरी घे, आणि दोघींना हळदकुंकू वाहा.

हे थांबले नाहीत. गेटबाहेर पडले ते थेट पाम बीच रोडला. नुसतं चालवत होते. खाडीवरचं वारं आत येत होतं. डावा हात मात्र सवयीनं त्या दांड्यावर घट्ट.

मी म्हटलं, "त्याला धरून काय करताय? ती आपली आपण बदलते."

सिग्नलला गाडी थांबली. ह्यांनी हात काढला. मांडीवर ठेवला, उचलला, परत मांडीवर ठेवला. मग कावरेबावरे होऊन म्हणाले, "राजे, आता ह्या हाताचं काय करायचं?"

मी माझा हात मध्ये पालथा ठेवला होता, तो उताणा केला. ह्यांनी बघितलं, समोर सिग्नलकडं तोंड फिरवलं, आणि हात आणून माझ्या हातात ठेवला. हिरवा पडला तरी काढला नाही.