नोटिशीचे साठ दिवस

राजनंदिनीने चहाचा कप आणून थेट ड्रॉइंगवर ठेवला आणि भाग्यश्रीचा लाल पेन धरलेला हात जागच्या जागी थांबला.

“अगं, डाग पडेल शीटवर.”

“पडू दे हो मॅडम. साखर कारखान्याचंच ड्रॉइंग आहे, गोड मानून घेतील.”

असं म्हणून ती शेजारची खुर्ची ओढून बसलीसुद्धा. भाग्यश्रीने कपाकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग पुन्हा कपाकडे. अकरा वर्षांत या टेबलावर कुणी चहा आणून दिला नव्हता. मशीनपाशी जायचं, कप भरायचा आणि खिडकीशी उभं राहून एकटीने प्यायचा, ही तिची रीत.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी साखर कारखान्यांची यंत्रं बनवायची. तिसऱ्या मजल्यावर बसणारी मंडळी त्या यंत्रांची ड्रॉइंगं काढायची आणि भाग्यश्री धोटे ती तपासायची. चूक दिसली की लाल गोल, की ड्रॉइंग परत. तिची सही झाल्याशिवाय एक कागद खाली वर्कशॉपमध्ये जात नसे. आता दुसऱ्याच्या चुका काढणं हेच जिचं काम, तिच्या डब्यात कोण हात घालणार? पोरं पाठीमागे तिला ‘रेड सिग्नल’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि लागतही होतं. पण लागलं म्हणून सांगायचं कुणाला?

नोटीस देऊन तिला आठवडा झाला होता. चाकणच्या एका कंपनीत वरची जागा मिळाली होती. साठ दिवसांतले त्रेपन्न उरले होते.

राजनंदिनीने मागेपुढे पाहिलं.

“मॅडम, एक सांगू? तुम्ही जाणार आहात म्हणून सांगते हं.”

आणि तिने सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. मुलगा जातीतला नव्हता. साताऱ्याला घरी पत्ता नव्हता आणि घरचे अजून तिच्यासाठी स्थळं आणत होते. मागच्याच रविवारी एका इंजिनिअरपुढे ती पोह्यांच्या बशा घेऊन गेली होती.

“आणि नवरा काय म्हणतो?”

“म्हणतो, मला कधी करून घालशील पोहे?”

दोघी हसल्या आणि हसता हसता पोरीचे डोळे भरून आले. भाग्यश्रीने आपला रुमाल पुढे केला. तेवढंच पुरलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा आला.

चार दिवसांनी आमोद आला. आमोद तिथला सगळ्यात जुना डिझायनर आणि बोलण्यात कुणाच्या बापाचं न ऐकणारा. तीन वर्षांपूर्वी एका ब्रॅकेटच्या डिझाइनसाठी त्याला कंपनीचं बक्षीस मिळालं होतं. गळ्यात हार घालून बक्षीस घेतानाचा त्याचा फोटो जिन्यात लावलेला होता.

“ती कल्पना माझी नाहीच,” तो टेबलाच्या कडेला टेकून म्हणाला. “एक ट्रेनी पोरगा होता, त्याची. तो गेला सोडून, मी बसलो गप्प. रोज त्या फोटोखालून वर येतो. जाम लाज वाटते हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलंच नाही कुणी. पुण्यात आपणहून सांगायची पद्धत आहे का?”

बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला लोक घरची सगळी उणीदुणी सांगतात, कारण ती पुढच्या थांब्यावर उतरणार असते. भाग्यश्रीचं तसंच झालं होतं. ती ऐकायची आणि बोलायची कमी. ऐकलेलं तिने कुठे नेलं नाही. न्यायला तिला दुसरं माणूसच नव्हतं. पण तिला त्याचं वाईट वाटेनासं झालं. ती डब्यात दोन पोळ्या जास्त घेऊन जाऊ लागली आणि त्या संपूही लागल्या.

“काऊन वं, आजकाल लय खुश दिसून राहिली?” फुरसुंगीच्या दोन खोल्यांत आई मुक्ताई तिला म्हणाली. “नवी नोकरी इतकी भारी आहे काय?”

“हो,” भाग्यश्री म्हणाली. नव्या नोकरीचा विचार तिने कित्येक दिवसांत केला नव्हता.

शेवटी तर करंदीकर सरांनीच तिला केबिनमध्ये बोलावलं. दीनानाथ करंदीकर म्हणजे या मजल्याचे मुख्य, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. दर सोमवारी अकराच्या चहाला ते केबिनबाहेर येत आणि जर्मनीतल्या लेकीच्या बातम्या सगळ्यांना ऐकवत. शेफालीने नवीन गाडी घेतली, शेफालीकडे बर्फ पडला, शेफाली म्हणते बाबा आता इकडेच या. पोरं हसू दाबून ऐकत.

त्यांनी दार लोटून घेतलं, चष्मा काढला आणि पुसत बसले.

“धोटे, शेफाली दोन वर्षं माझ्याशी बोललेली नाही. फोन उचलत नाही. तिच्या आईच्या आजारपणात मी ऑफिस सोडून गेलो नाही, ते तिने मनात धरलंय. बरोबरच आहे तिचं.”

“पण सोमवारी तुम्ही…”

“ते मी रविवारी बसून ठरवतो. माणसाला रविवारी काहीतरी उद्योग लागतो.”

त्या कडक म्हाताऱ्याबद्दल भाग्यश्रीला इतकी माया वाटली की तिचं तिलाच नवल वाटलं.

पंधरा दिवस उरले असताना, एका गुरुवारी, चाकणहून मेल आला. नव्या प्लांटचं काम अनिश्चित काळासाठी पुढे ढकललं आहे, आपली नेमणूक तूर्त रद्द समजावी, तसदीबद्दल दिलगीर आहोत. भाग्यश्रीने तो दोनदा वाचला. घरात मिळवती ती एकटी. रडू यायला हवं होतं. आला तो आनंद, आणि तोही असा की तिला जागेवर बसवेना. राहता येईल! इथेच, या माणसांत!

शुक्रवारी सकाळीच ती करंदीकरांकडे गेली.

“राहा ना,” ते म्हणाले. “तुमच्या जागी कुणी मिळालेलं नाहीच. नोटीस मागे घेतल्याचं पत्र गुरुवारपर्यंत द्या, मी सही करतो. माझा एका जाहिरातीचा खर्च वाचला.”

बोलणं नेहमीचंच होतं. पण बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही आणि टेबलावरचे कागद उगाचच दोनदा सारखे केले. तिच्या ते ध्यानात आलं, पण तिने मनावर घेतलं नाही. ती लगबगीने राजनंदिनीच्या जागेपाशी गेली.

“मी जात नाही गं. इथेच राहतेय!”

“अय्या! खरंच?” राजनंदिनी म्हणाली. “मस्तच की मॅडम.” आणि तिचा हात मोकळ्या गळ्याशी गेला. “म्हणजे… आता कायमच?”

“कायमच.”

“छान,” ती म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

दुपारचा चहा आला नाही. काम असेल, म्हणून भाग्यश्रीने आपला कप आपण भरला.

सोमवारी अकराला करंदीकर बाहेर आले. सगळे कप घेऊन उभे होते. “काल शेफाली म्हणत होती…” त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांची नजर भाग्यश्रीवर गेली. ते थांबले. “म्हणत होती, की… जाऊ द्या. कामं पडलीत.” अर्धा चहा तसाच ठेवून ते आत गेले. पोरांना काही कळलं नाही. भाग्यश्रीला मात्र उभ्या जागी चोरी पकडली गेल्यासारखं झालं, आणि चोरी तर तिची नव्हतीच.

मंगळवारी आमोदने तिला जिन्यात गाठलं, नेमकं त्या फोटोखालीच.

“मॅडम, ते ब्रॅकेटचं मी आपलं गमतीत बोललो होतो हां. तुम्ही मनावर नका घेऊ.”

“मी कशाला कुणाला सांगेन आमोद?”

“छे छे, तुम्ही सांगाल असं कुठे म्हटलं?” तो म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. त्या दिवशी त्याच्या ड्रॉइंगमध्ये तिला तीन चुका सापडल्या. एरवी तिने डोळे झाकून गोल काढले असते. आज गोल काढले तर धमकी दिल्यासारखं, न काढले तर उपकार केल्यासारखं. पाऊण तास ती त्या शीटपुढे बसून राहिली. शेवटी काढले. आमोदने एका शब्दाने वाद न घालता ते दुरुस्त करून दिले, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. अकरा वर्षांत प्रत्येक गोलासाठी भांडलेला माणूस तो.

बुधवारी बाथरूमच्या बाहेर राजनंदिनीने तिचा हात धरला.

“मॅडम, मी तुमच्या पाया पडते. कुणाला बोलू नका. माझा मामा इथे खाली स्टोअरला आहे.”

“अगं वेडे, मी काय…”

“तसं नाही हो. पण रोज तुम्ही समोर असणार ना!”

त्या रात्री भाग्यश्रीला झोप लागली नाही. ती कुणाची वैरीण नव्हती आणि त्यांच्यातलं कुणी वाईट नव्हतं. त्यांनी ज्या बाईला सांगितलं होतं ती बाई जाणारी होती. ही राहिलेली बाई वेगळीच होती, आणि तिच्या हाती सगळ्यांच्या नाड्या होत्या. न बोलणाऱ्या माणसांत तिने अकरा वर्षं काढली होती, अजून अकरा काढली असती. पण तिला बघून दचकणाऱ्या माणसांत बसणं तिच्याने होणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती केबिनमध्ये गेली तेव्हा करंदीकरांनी पेन काढून ठेवलं होतं.

“आणलंत पत्र?”

“नाही सर. चाकणवाल्यांचा काल फोन आला. घेतायत ते मला, ठरल्याप्रमाणे.”

“अस्सं.” त्यांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “लेखी दिलंय का त्यांनी?”

“हो.”

“दाखवा बघू” असं ते सहज म्हणू शकले असते. तीस वर्षं कागदाशिवाय कुणावर विश्वास न ठेवलेला माणूस. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “फार चांगलं झालं, धोटे.” आणि त्यांचा आवाज ओझं उतरल्यासारखा इतका हलका झाला होता की तो तिला ऐकवेना.

दुपारपर्यंत बातमी मजलाभर झाली. राजनंदिनीने येऊन मागून गळ्यातच हात टाकले, निरोपाला केक कुठला आणायचा ते विचारलं आणि म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मला अजिबात करमणार नाही, मॅडम.” ते अगदी खरं होतं. आमोदने एका लाल गोलावरून कडाडून भांडण केलं. भाग्यश्री भांडली, जिंकली आणि खूप दिवसांनी पोटभर जेवली. हाती दुसरी नोकरी नाही हे आईला कसं सांगायचं ते तिने पुढच्या शुक्रवारवर, शेवटच्या दिवसावर ढकललं.

चारच्या सुमाराला सूरज टेबलापाशी घुटमळताना दिसला. सूरज वर्कशॉपचा सुपरवायझर, इथल्याच गावातल्या शेतकरी घरातला. कंपनीची जमीन एके काळी त्याच्या चुलत्यांची. इतक्या दिवसांत तो कधी काही बोलला नव्हता.

“मॅडम, आता नक्की का? परत काय बदल न्हाई ना?”

“नाही रे. एक तारखेपासून चाकण.”

त्याने मागे वळून पाहिलं आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

“मग एक सांगायचं हाय. लई दिवसांचं हाय.”

भाग्यश्रीने समोरची शीट गुंडाळून बाजूला ठेवली.

“सांग,” ती म्हणाली. “अजून आठ दिवस आहे मी.”